माळ्यावरची मोटार

लालबाग-परळच्या चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या होऊ लागल्या की सर्वांत शेवटी उतरतो तो पोटमाळा. तांब्या-पितळेच्या भांड्यांचे वजन होते. काही नव्या घरी जातात, काही मोडीत. लाल कापडात बांधलेल्या आजोबांच्या चोपड्या कोणी टाकून देत नाही, मग त्यांतली येणी बुडून पन्नास वर्षे का झाली असेनात. वाद उरतो तो पत्र्याच्या ट्रंकेचा. तिच्यात शाळेची प्रगतिपुस्तके, कॅरमच्या सोंगट्या, एक पाय तुटलेला लाकडी घोडा आणि तळाशी कोपरे दबलेले एखादे पुठ्ठ्याचे खोके असते. खोक्यावर गोल पाठीच्या मोटारीचे रंगीत चित्र, आत राखाडी प्लास्टिकचे न जोडलेले भाग. घरातील कोणाला तरी अंधूक आठवते की काकांच्या नैरोबीच्या मित्राने किंवा लंडनच्या आत्याने ते पाठवले होते. बाहेर रद्दीवाला काटा घेऊन उभा असतो. खोके शंभर-दीडशे ग्रॅमचे.

गिरगाव, दादर आणि लालबागमधील घरांत अशी खोकी किती निघाली आणि किती लगद्यात गेली याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. व्यापारी कुटुंबांत ती इतर घरांपेक्षा अधिक असण्याचा संभव आहे, कारण पूर्व आफ्रिका व इंग्लंडशी ज्यांचे सोयरसंबंध आणि व्यवहार होते, त्यांच्याकडे परदेशी सामानाच्या पेटीतून खेळणी येत असत. परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या काळात ही खेळणी इथल्या दुकानात सहज मिळत नव्हती. आज जे लोक जुने मॉडेल किट शोधत हिंडतात, त्यांचा खरा बाजार चोर बाजारात नसून या माळ्यांवर आहे. तो माळा मात्र वेगाने नाहीसा होतो आहे. नव्या इमारतीत माळा नसतो.

या खोक्यांवरच्या मोटारींत एक जात विशेष लक्ष वेधते. फोक्सवॅगन बीटल, रेनो डॉफिन, फियाट ६००, पोर्शे ९११ या सर्वांचे इंजिन पाठीमागे. पुढचे झाकण उघडावे तर आत सामान ठेवण्याची जागा, आणि जिथे डिकी असावी तिथे इंजिन. मुंबईकर मुलाला हे उलटे वाटे, कारण त्याच्या शहरातील मोटार अगदी सुलटी होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये मोटारी बाहेर पडू लागल्या आणि पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन ११०० हे मॉडेल तिथे तयार होऊ लागले. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या या उद्योजकाच्या कारखान्यातली ती गाडी १९७४ पासून 'प्रीमिअर पद्मिनी' झाली, आणि काळ्या-पिवळ्या रंगात तिने हे शहर व्यापले. पद्मिनीचे इंजिन पुढे, गिअरचा दांडा स्टीअरिंगला. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात पद्मिनी टॅक्सीची अखेरची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. वीस वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर २०२३ अखेर ती टॅक्सी रस्त्यावरून उतरली.

गंमत अशी की कुर्ल्यात ११०० तयार होत असताना तीच फियाट कंपनी तुरिनमध्ये दान्ते जाकोसा या अभियंत्याने आखलेल्या चिमुकल्या ६०० (१९५५) आणि ५०० (१९५७) या मागील इंजिनाच्या मोटारी हजारोंनी विकत होती. भारतात त्यांचा कारखाना निघाला नाही. बीटल आली ती अल्प संख्येने. स्थानिक उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना सरकारने १९५० च्या दशकात दार बंद केले, आणि १९२८ पासून शिवडीत मोटारी जोडणारी जनरल मोटर्सही १९५४ मध्ये निघून गेली. त्यानंतर रस्त्यावर बीटल दिसली की मुले मागे धावत. दूरून तिचा फटफट आवाज ओळखू येई, आणि तो गाडी पुढे निघून गेल्यावर अधिक ऐकू येई.

मग दक्षिण मुंबईतील मुलाला मागे इंजिन असलेले वाहन रोज कुठे दिसणार? बजाजने १९७७ मध्ये मागील इंजिनाची ऑटोरिक्षा आणली. परंतु रिक्षेला माहीम-शीवच्या दक्षिणेस येण्यास मनाई. म्हणजे ठाकूरद्वारच्या किंवा चिंचपोकळीच्या मुलाने मामाच्या घरी घाटकोपरला जावे तेव्हा त्याला हे यंत्र भेटे. एरवी त्याच्या हाती असे ते खेळणे. इंग्लंडच्या मेकॅनो कंपनीच्या डिंकी टॉइजचे काही साचे १९६० च्या दशकाच्या अखेरीस कोलकात्यास आले आणि 'निकी टॉइज' या नावाने धातूच्या मोटारी भारतात निघाल्या; त्यांत फोक्सवॅगनही होती. रंग किंचित जाड, ओतकाम किंचित ओबडधोबड. त्या काळी घरच्या मोठ्यांनी 'देशी माल' म्हणून नाक मुरडले असेल. आता परदेशातील संग्राहक नेमक्या याच देशी प्रती शोधतात.

मागे इंजिन ठेवण्याचे कारण मुळात हिशेबाचे होते. इंजिन पुढे आणि गती मागच्या चाकांना, अशी रचना असली की शक्ती मागे नेण्यासाठी तळाखालून लांब लोखंडी शाफ्ट घालावा लागतो. त्यासाठी गाडीच्या मधोमध उंचवटा येतो आणि मागच्या आसनावर मधल्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागतात. इंजिन, गिअरबॉक्स आणि चाके एकाच जागी आणली की शाफ्ट गेला, उंचवटा गेला, लोखंड वाचले. फेर्डिनांड पोर्शे यांनी बीटलच्या इंजिनाला थंड ठेवण्याचे काम पाण्याऐवजी हवेवर सोपवले, त्यामुळे रेडिएटरही गेला. वजन चालत्या चाकांवर पडत असल्याने चिखलात आणि वाळूत पकड चांगली. ज्यांचे आप्त केनियात होते त्यांना हे सांगावे लागत नसे: पूर्व आफ्रिकेच्या खडतर सफारी शर्यतीत १९५४, १९५७ आणि १९६२ या तीन वर्षी बीटलने बाजी मारली, आणि १९५४ च्या विजेत्या जोडीत प्रेस्टन यांच्यासोबत मारवाह हे आडनाव होते.

दोष कळण्यासाठी मशीद बंदरला जाऊन हातगाडी पाहावी. पोती मागच्या बाजूस जास्त लादली की दांडा वर उचलला जातो आणि वळणावर गाडी ओढणाऱ्याला मागच्या वजनामागे फरफटावे लागते. मागील इंजिनाच्या मोटारीतही ओल्या वळणावर वेग जास्त असताना चालकाने घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की शेपूट बाहेर फेकले जाते. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६० सालासाठी काढलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेअरवर याच कारणाने वादळ उठले. राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या 'अनसेफ ॲट एनी स्पीड' या पुस्तकाचे पहिले प्रकरण तिच्यावर लिहिले. १९६९ मध्ये ती बंद झाली. तत्पूर्वी, १९५९ मध्येच, इंग्लंडच्या मिनीने इंजिन आडवे करून पुढे ठेवले, पुढचीच चाके फिरवली, आणि शाफ्टही वाचवला व डिकीही राखली. त्या एका युक्तीपुढे मागील इंजिनाचा बहुतेक हिशेब कोसळला. डिसेंबर १९८३ मध्ये आपल्याकडे आलेली मारुती ८०० याच नव्या घराण्यातली. बीटल मात्र चिवट. मेक्सिकोतील पुएब्ला येथे जुलै २००३ मध्ये शेवटची बीटल तयार झाली तेव्हा एकूण संख्या २,१५,२९,४६४ झाली होती. पोर्शे ९११ चे इंजिन तर १९६३ पासून आजतागायत मागेच आहे. सहा दशके एकच दोष सुधारीत राहिल्याने तोच गुण झाला, असे तिच्याविषयी म्हटले तर अभियंते रागावणार नाहीत.

महाराष्ट्रातही एका माणसाने हा मार्ग धरला होता. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये 'मीरा' या छोट्या मोटारीचा पहिला नमुना स्वतः घडवला, आणि पुढे पंचवीस वर्षे तिचे सुधारित नमुने करीत राहिले. इंजिन मागे, आणि किंमत बारा हजार रुपयांच्या आसपास ठेवण्याचा मानस. गाडी चालत होती, लोकांनी पाहिली होती, परंतु कारखाना उभा राहिला नाही आणि १९७० च्या दशकाच्या मध्यास प्रयत्न संपला. यंत्रमागांच्या त्या गावातून देशाला छोटी मोटार मिळाली असती की नाही, हे आता कोण सांगणार; पण ज्या मोटारीचा कारखाना निघत नाही तिचे खेळणेही निघत नाही, आणि ज्या गोष्टीचे खेळणे निघत नाही ती पुढच्या पिढीच्या हातातून निसटते. मीराचे नाव आज मोटारीच्या शौकिनांनाही आठवावे लागते.

स्वस्त मोटारीची तीच इच्छा साठ वर्षांनी पुन्हा प्रकटली, आणि तिचे जाहीर दर्शन गिरगाव चौपाटीपासून हाकेच्या अंतरावर घडले. टाटा नॅनोचे विक्रीसाठीचे अनावरण २३ मार्च २००९ रोजी मरीन ड्राइव्हच्या पारशी जिमखान्यावर झाले. पहिल्या ग्राहकाला चावी त्याच वर्षी १७ जुलैला मुंबईतच मिळाली. ६२४ सीसीचे दोन सिलिंडरांचे इंजिन मागच्या आसनामागे तळाशी, पुढच्या झाकणाखाली स्टेपनी आणि पेट्रोल भरण्याचे तोंड. पेट्रोल पंपावरची मुले सुरुवातीस गाडीभोवती फेऱ्या मारीत. पहिल्या नॅनोचे मागचे दार तर उघडतच नसे; सामान आसन दुमडून आतून ठेवावे लागे. सराफ बाजाराशी संबंध असलेल्या वाचकांना दुसरी एक नॅनो आठवत असेल. सप्टेंबर २०११ मध्ये टायटनच्या गोल्डप्लसने ८० किलो सोने आणि १५ किलो चांदी वापरून मढवलेली नॅनो मुंबईत दाखवली, किंमत २२ कोटी रुपये. लाखाची मोटार म्हणून जन्मलेल्या वस्तूवर इतके सोने चढवण्यामागे जाहिरातीची चतुराई होती, पण औचित्य कितपत होते हा प्रश्न राहतोच. २०१८ मध्ये नॅनोचे उत्पादन थांबले.

आता शोधाविषयी. शौकीन प्रथम जातो तो भेंडी बाजारामागच्या मटन स्ट्रीटला, म्हणजे चोर बाजारात. ग्रामोफोन, झुंबरे आणि सिनेमाची जुनी भित्तिपत्रके यांच्या दुकानांना शुक्रवारी सुटी असते, आणि त्याच दिवशी पहाटेपासून रस्त्यावर जुन्यापुरान्याचा जुम्मा बाजार भरतो. तिथे चादरीवर चष्म्याच्या काड्या, नळाचे वॉशर आणि चार्जर यांच्या ढिगात एखादी धातूची मोटार सापडते. बहुधा टायर नसलेली, रंग उडालेली, पण तळपट्टी शाबूत. सगळे महत्त्व त्या तळपट्टीला. निर्मात्याचे नाव, मोटारीचे नाव आणि कुठे तयार झाली ते तिथेच लिहिलेले असते. पाहणाऱ्याने गाडी उचलताच उलटी केली की विक्रेता समजतो, गिऱ्हाईक जाणकार आहे, आणि भाव चढतो. म्हणून अनुभवी माणूस आधी शेजारचा कुलूप-किल्लीचा जुडगा उचलून पाहतो.

जोडणीचा संच मात्र तिथे क्वचितच मिळतो. कागद आणि पुठ्ठा रस्त्यावरच्या पहिल्या पावसातच मरतो. संच सापडला तर त्याचा काळ खोक्यावरूनच ठरवावा लागतो. एअरफिक्स हे नाव इथे सर्वाधिक भेटते. १९३९ मध्ये निकोलस कोव्ह यांनी सुरू केलेल्या या इंग्रजी कंपनीचे छोटे संच आरंभी खोक्यात नसून प्लास्टिकच्या पिशवीत येत, आणि पिशवीच्या तोंडाशी छापील कागदाची घडी टाचलेली असे. त्यांत मूळ मोटारीच्या बत्तिसाव्या भागाएवढ्या मापाची रेनो डॉफिन आणि बीटलही होती. १९८१ मध्ये कंपनी बुडाली, साचे पॅलिटॉयकडे गेले, मग १९८६ मध्ये हम्ब्रॉलकडे, २००६ मध्ये हॉर्नबीकडे. साचा तोच राहिला तरी खोक्यावरचे नाव व बोधचिन्ह बदलत गेले, आणि त्यावरून जाणकार दशक सांगतो. एकच साचा चार मालकांच्या हाती फिरला हे व्यापारी घरातील वाचकाला नवल वाटू नये. पेढीचे नाव बदलते, वजनेमापे तीच राहतात.

लहान मापाच्या संचात पुष्कळदा इंजिनाच्या जागी नुसता सपाट तळ असतो. मागचे झाकण उघडून आत इंजिन पाहायचे असेल तर मोठ्या मापाकडे वळावे लागते. जपानच्या शिझुओका येथील तामिया कंपनीने, जी १९४६ मध्ये लाकडाची वखार म्हणून सुरू झाली होती, १९७६ मध्ये पोर्शे ९३४ चा बाराव्या भागाच्या मापाचा संच काढला. त्यासाठी शुनसाकू तामिया यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती कारखान्यात सुटी करवून एकेक भाग मोजला. ज्याने तो संच नेटाने जोडला असेल त्याला मागील इंजिनाची रचना एखाद्या गॅरेजवाल्याइतकी ठाऊक झाली असेल.

माळ्यावरून उतरलेले खोके उघडताना काही गोष्टींकडे लक्ष द्यावे. भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले असतात तिच्यापासून ते तोडू नयेत. चौकटीवरील क्रमांक आणि सूचनापत्रक ताडून पाहिले की काय हरवले ते कळते. मऊ टायर वर्षानुवर्षे कठीण प्लास्टिकला टेकून राहिले असतील तर त्यांनी ते विरघळवलेले असते आणि खाचा पडलेल्या असतात; ते ताबडतोब वेगळे करावेत. डिंकाची नळी वाळलेली असणारच. पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रे मुंबईच्या दमट हवेत पिवळी पडतात. ती काही दिवस उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवली तर पिवळेपणा बराच उतरतो. पावसाळ्यात हा उद्योग करू नये.

आणि मग येतो भावाचा प्रश्न, ज्यावर या छंदातील माणसे अजूनही एकमताची नाहीत. विकणाऱ्या वृद्ध बाईंना खोके म्हणजे रद्दी आहे. घेणाऱ्याला ठाऊक आहे की सीलबंद जुन्या संचासाठी परदेशी संग्राहक पुष्कळ मोजतील. तो दहा रुपये देऊन निघून गेला तर कायद्याने काही चुकले नाही. 'माहिती हीच माझी मजुरी. मी दहा वर्षे धूळ खाल्ली, तिचा मोबदला का सोडू?' असा युक्तिवाद केला जातो, आणि तो अगदीच पोकळ नाही. परंतु गिरगाव-लालबागच्या ज्या बाजारांत काट्यावर माल घालण्याआधी तो रिकामा दाखवण्याची रीत होती, त्या बाजारातील माणसाला हा युक्तिवाद पुरेसा वाटू नये. शिळेवर घासून पाहिल्याविना सराफ मोड घेत नाही, आणि कस किती लागला हे विकणाऱ्याला सांगतो. खोक्याच्या बाबतीत शिळा घेणाऱ्याच्या डोक्यात असते, इतकाच फरक. काही शौकीन यावर एक मध्यम तोड काढतात: घेताना सांगून टाकतात की याची किंमत याहून अधिक असू शकते, तुमच्या नातवाने एकदा पाहावे, आणि दोन दिवसांनी पुन्हा येतात. कधी नातू खोके परत ठेवून घेतो. मग त्या शौकिनाच्या हाती काही लागत नाही, पण खोके वाचते.

संच जोडावा की बंदच ठेवावा, हाही जुना वाद. बंद संचाला भाव अधिक, हे उघड आहे. मात्र बंद खोक्यातील बीटल ही चित्रातली बीटल. तिचे इंजिन मागे आहे हे कळण्यासाठी कोणीतरी डिंक लावावा लागतो. ज्या घरांत एकाच जातीचे दोन संच निघाले त्यांची मजा आहे. एरवी निर्णय घरातील सर्वांत लहान मुलावर सोपवण्याची रीत अनेकांनी धरली आहे, आणि त्या मुलाचे मत बहुतेक वेळा एकच असते.

दादरच्या रानडे रोडवर खेळण्यांच्या दुकानांपुढे शनिवारी संध्याकाळी उभे राहिले तर रिमोटवर धावणाऱ्या गाड्यांचीच चलती दिसते. मागे खेचून सोडले की पळणारी प्लास्टिकची नॅनो एखाद्या घरातील टोपलीत अजून पडलेली असेल, एक चाक तुटलेली. नॅनो रस्त्यावरूनही कमी होत चालल्या आहेत. त्या टोपलीला माळा नाही, आणि घर आवरताना ती सर्वांत आधी दाराबाहेर जाते.